जानेवारीत 'नाही', मार्चमध्ये 'हो': गोव्याची १९६७ सालची दोन मतदानं

(हे आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लेखी रूप. बोलताना निघालेले 'अॅक्च्युअली' आणि 'बेसिकली' काढून टाकलेत. बाकी जसं बोललो तसंच.)

मागच्या भागात आपण युरोपीय संघाबद्दल बोललो, तेव्हा एक धागा हातातून सुटला होता. एखादा छोटा देश मोठ्या संघात शिरला की तिथल्या अर्थव्यवस्थेचं काय होतं, नोकऱ्यांचं काय होतं, हे सगळे सांगतात. पण तिथल्या पक्षांचं काय होतं? ज्या पक्षानं 'चला आत' म्हटलं त्याचं काय, आणि ज्यानं 'अजिबात नको' म्हटलं त्याचं काय?

माल्टाचं उदाहरण झटकन सांगतो. भूमध्य समुद्रातलं बेट, २००३ साली लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. आपल्या पिंपरी-चिंचवडची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती, म्हणजे माल्टा आपल्या चौथ्या हिश्शाएवढंही नाही. पक्ष दोनच, नॅशनलिस्ट आणि लेबर. ८ मार्च २००३ ला सार्वमत झालं. सुमारे ९१ टक्के लोक मतदानाला आले आणि त्यातल्या वैध मतांपैकी साडेत्रेपन्न टक्क्यांहून थोडी जास्त मतं 'हो' अशी पडली. लेबर पक्षाचे नेते आल्फ्रेड सांत यांनी हा निकालच मानला नाही. 'नाही'वाले, न आलेले आणि मत बाद झालेले असे सगळे मिळवले तर बहुमत आमचंच आहे, असा त्यांचा हिशोब. मग महिन्याभरात निवडणूक झाली, लेबर हरला आणि १ मे २००४ ला माल्टा आत गेला. इथपर्यंत ठीक. मजा पुढे आहे. जोसेफ मस्कट नावाचा लेबरचा तरुण नेता संघाच्या विरोधात प्रचार करत फिरला होता. २००४ साली तोच युरोपीय संसदेत निवडून गेला आणि २०१३ साली देशाचा पंतप्रधान झाला. पक्ष तोच, विरोध मात्र गायब.

हे वाचत होतो तेव्हा मनात एकच गोष्ट येत होती, की असा प्रयोग आपल्या शेजारी होऊन गेलाय आणि आपण त्याची गोष्ट अर्धीच सांगतो. गोवा.

आधी एक खुलासा, कारण नाहीतर तुम्ही मला धराल. गोवा हा स्वतंत्र देश नव्हता, पोर्तुगालची वसाहत होती. भारत हा काही युरोपीय संघ नाही. आणि 'भारतात यायचं का?' असं गोव्याला मतपेटीतून कुणी विचारलं नव्हतं. १९ डिसेंबर १९६१ ला ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता भारतीय सैन्यानं संपवली. विचारलं गेलं ते दुसऱ्या टप्प्यावर: 'आता भारतात आहात, तर महाराष्ट्रात मिसळता का?' पण वेगळा इतिहास असलेला, सहा लाख वस्तीचा एक छोटा समाज मोठ्या संघात येतो आणि तिथे कोरे करकरीत पक्ष जन्माला येतात, एवढा भाग इतका नितळ दुसरीकडे पाहायला मिळत नाही.

कोरे करकरीत का म्हणतो? सालाझारच्या राजवटीत विरोधी पक्ष काढायची सोयच नव्हती. १९४६ साली राममनोहर लोहियांनी मडगावात जाहीर सभा घेण्याचा प्रयत्न केला तर तेवढ्यावरून अटक झाली. तेव्हा चळवळ होती, संघटना होत्या, पण निवडणूक लढवून सत्ता मिळवायची सवय कुणालाच नव्हती. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक आली. जागा ३०: गोव्याच्या २८, दमणची एक, दीवची एक.

आता अंदाज करा. गोवा मुक्त केला कुणी? नेहरूंच्या सरकारनं. देशभर काँग्रेसची लाट. मग गोव्यात काँग्रेसला किती जागा मिळाल्या? एक. आणि तीही दमणची. खुद्द गोव्यात शून्य.

जिंकला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो. साथीदार धरून १६ जागा. समोर युनायटेड गोवन्स पक्ष, १२ जागा. दोन्ही पक्ष जेमतेम त्याच वर्षी उभे राहिलेले. मगोचे नेते दयानंद बांदोडकर, ज्यांना गोव्यात अजून भाऊसाहेब म्हणतात. स्वतः खाणमालक, पण बहुजन समाजातून आलेले. युनायटेड गोवन्सचे नेते डॉ. जॅक सिक्वेरा. मगो म्हणे, गोवा महाराष्ट्रात विलीन करा. सिक्वेरा म्हणत, गोवा वेगळा राहू द्या, पुढे राज्य करा. म्हणजे डावे-उजवे, शेतकरी-कामगार असा काही प्रश्न नव्हता. 'संघात आपलं स्थान कुठलं' या एका प्रश्नावर अख्खं राजकारण दोन फाकांत चिरलं गेलं. माल्टातही तेच झालं होतं, फक्त तिथे पक्ष जुने होते.

आपल्याकडे ही गोष्ट पुढे साधारण अशी सांगतात: मगो मराठीचा, दुसरे कोकणीचे, मतदान झालं, थोडक्यात हरलो, गोवा हातचा गेला. शाळेत असताना मीही हीच ऐकली. माझ्या टीममध्ये फोंड्याचा एक जण आहे. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये ऑफिसच्या बसमध्ये शेजारी बसतो. घरी कोकणी बोलतो, त्याच्या घरात पेपर मराठी येतो, आणि भाऊसाहेबांचा फोटो त्याच्या आजोबांच्या खोलीत आहे. त्याला विचारलं, 'मग तुम्ही विलीनीकरणवाले?' तर म्हणाला, 'नाही रे, आजोबांनी दोन पानांवर शिक्का मारलेला.' दोन पानं म्हणजे विलीनीकरणाला विरोध. भाऊसाहेबांचा फोटो आणि भाऊसाहेबांच्या मागणीच्या विरोधात मत, दोन्ही एकाच घरात. हे कसं जमतं, ते समजून घ्यायला मी बसलो.

त्यासाठी जमिनीकडे जावं लागतं. गोव्यात भाटकार म्हणजे जमीनदार. त्याच्या जमिनीवर झोपडं बांधून राहणारा तो मुंडकार, आणि शेत कसणारा तो कूळ. मुंडकार राहायचा भाटकाराच्या मर्जीवर. भाटकार हिंदूही होते आणि ख्रिस्तीही. या माणसांना 'महाराष्ट्र' ही काय चीज वाटत असेल? माझं मत विचाराल तर, शिडी. तिकडे कूळकायदा झालेला, तिकडे बहुजन समाजातून आलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झालेले. गोव्यातल्या वरच्या थरातून आपल्याला काही मिळणार नसेल तर पलीकडच्या मोठ्या घराचा हात धरा, असा तो हिशोब होता. भाषेचं आणि देवाधर्माचं नातं होतंच, ते खोटं नव्हतं. पण मतं खेचणारं इंजिन जमिनीत होतं.

आणि मग भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले. १९६४ साली त्यांच्या सरकारनं कूळकायदा केला. खंड उत्पन्नाच्या एक षष्ठांशावर आणला. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. म्हणजे ज्या कामासाठी शिडी हवी होती ते काम शिडी न लावताच सुरू झालं.

इथे एक आकडेमोड करू, मला ती फार आवडते. १९६१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख आणि विधानसभेच्या जागा २६४. म्हणजे दीड लाख माणसांमागे एक आमदार. त्या हिशोबानं विलीन झालेल्या गोव्याला मुंबईत किती आमदार मिळाले असते? चार. फार तर पाच. पणजीत २८ जण बसतात, तिथे मुंबईत चार. ज्या मगोकडे मुख्यमंत्री होता, मंत्री होते, त्या मगोची मागणी पूर्ण झाली असती तर गोवा एक जिल्हा झाला असता आणि मगो त्या जिल्ह्यातला एक गट. स्वतःलाच बरखास्त करायची मागणी घेऊन सत्तेवर बसलेला पक्ष मी तरी दुसरा पाहिला नाही. तरी भाऊसाहेब ती मागणी रेटत राहिले, याबद्दल मला त्यांचं कौतुकच वाटतं.

१९६३ चा निकाल म्हणजेच विलीनीकरणाचा कौल, असं मगोचं आणि इकडे महाराष्ट्रातल्या नेत्यांचं म्हणणं. १ मे १९६० ला राज्य झालेलं, संयुक्त महाराष्ट्राची धग ताजी होती. सिक्वेरांचं म्हणणं वेगळं होतं. लोकांनी आमदार निवडलेत, या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही, तेव्हा हा एक प्रश्न वेगळा काढून लोकांना विचारा. शेवटी १९६६ च्या डिसेंबरात संसदेनं जनमत कौलाचा कायदा केला. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून बांदोडकर सरकारनं राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली.

१६ जानेवारी १९६७. चिन्हं दोन: विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पानं. प्रचार कसला जबरी झाला असेल! विलीनीकरणाच्या बाजूनं 'गोमन्तक' दैनिक, आणि विरोधात 'राष्ट्रमत'. 'राष्ट्रमत'ची भाषा कोणती? मराठी. 'महाराष्ट्रात जायचं नाही' हे गोव्यातल्या हिंदू वाचकाला पटवून सांगायचं होतं ते मराठीतूनच. हे एवढं जरी लक्षात ठेवलं तरी 'मराठी हरली' हे वाक्य तोंडातून निघताना अडखळतं. बाकी मुद्दे रोजच्या जगण्याचे होते. सरकारी नोकऱ्यांत बाहेरचे येतील का? महाराष्ट्रात दारूबंदी, मग माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांनी खायचं काय?

निकाल: दोन पानं १,७२,१९१. फूल १,३८,१७०. फरक ३४,०२१. मतदान ८१ टक्क्यांच्या वर.

आता कोण कसं वागलं ते मतपेटी सांगत नाही, पण थोडं गणित करता येतं. गोव्यातली ख्रिस्ती लोकसंख्या तेव्हा चाळीस टक्क्यांच्या आत होती. वैध मतांपैकी दोन पानांना पडली साडेपंचावन्न टक्के. सगळेच्या सगळे ख्रिस्ती मतदार दोन पानांकडे गेले असं धरलं, तरी उरलेली पंधरा-सोळा टक्के मतं हिंदू घरांतूनच आली. त्यात सारस्वत असतील, काँग्रेसवाले असतील, आणि माझ्या मित्राच्या आजोबांसारखे भाऊसाहेबांचे भक्तही असतील.

हे शेवटचं मी नुसतं अंदाजानं म्हणत नाही, कारण पुढे मार्च येतो. दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक. ज्याची मुख्य मागणी लोकांनी नुकतीच फेकून दिली त्या पक्षाचं काय व्हायला हवं? मगो: १६ जागा. युनायटेड गोवन्स: १२. अपक्ष: २. आधीची निवडणूक कॉपी-पेस्ट केल्यासारखी. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री. जानेवारीतला विजेता मार्चमध्ये पुन्हा विरोधी बाकावर.

प्रश्न वेगळा काढून विचारल्यामुळे हे जमलं. एकाच मतात दोन प्रश्न बांधले असते तर भाऊसाहेब हवेत पण महाराष्ट्र नको असं म्हणणाऱ्या माणसाला सांगायला जागाच नव्हती. डेन्मार्कमध्ये लोकांनी अशीच सोय वेगळ्या रीतीनं करून घेतली. तिथे युरोपीय संघाला विरोध करणारी एक लोकचळवळ होती, जी १९७९ पासून फक्त युरोपीय संसदेची निवडणूक लढवायची. देशाच्या संसदेसाठी उभीच राहायची नाही. मतदार इथे आपला नेहमीचा पक्ष निवडायचा आणि तिथे जाऊन संघाला विरोध नोंदवायचा.

बरं, मग पक्षांचं पुढे काय झालं? हे मला सगळ्यात रोचक वाटतं. आधी विरघळला तो जिंकलेला. विलीनीकरणाचा धोका टळला, आणि युनायटेड गोवन्सला एकत्र धरणारी भीतीही गेली. १९७२ मध्ये १० जागांवर आला आणि १९७७ पर्यंत संपला. कुणी काँग्रेसमध्ये, तर खुद्द सिक्वेरा जनता पक्षात. हरलेला मगो मात्र १९७९ पर्यंत सत्तेत राहिला. १९७३ साली भाऊसाहेब गेले, त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ साली आला. नावात 'महाराष्ट्रवादी', पण पोटात सगळं गोव्याचंच.

म्हणजे प्रश्नावर जन्मलेला पक्ष प्रश्न मिटल्यावर मरतो, असा साधा नियम नाही. त्याच्या पोटात दुसरं काही असेल तर तो टिकतो. आणि प्रश्न उघडा राहिला म्हणून पक्ष टिकेल असंही नाही. बेळगावकडे बघा. त्याच १९६६ साली ऑक्टोबरात सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला. गोव्याला मतपेटी मिळाली, बेळगावला आयोग. महाराष्ट्रानं त्याचा अहवाल मानला नाही, प्रश्न आजही उघडा आहे. पण महाराष्ट्र एकीकरण समितीचे कर्नाटक विधानसभेत २०१३ मध्ये दोन आमदार होते, २०१८ मध्ये एकही नाही.

मगोला शेवटी गिळलं ते वेगळ्याच गोष्टीनं, आणि इथेच माल्टा आणि गोवा यांची वाट फुटते. १९८० च्या जानेवारीत गोव्यात निवडणूक झाली. मगो सातवर घसरला. २० जागा जिंकल्या काँग्रेस (यू)नं, म्हणजे इंदिरा गांधींच्या विरोधातल्या काँग्रेसनं. त्याच आठवड्यात दिल्लीत इंदिरा गांधी परत आल्या. आणि गोव्यातले हे विजयी आमदार थोड्याच दिवसांत काँग्रेस (आय)मध्ये! मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे, जे १९७२ साली मगोकडून मंत्री झाले होते. लोकांनी इंदिराविरोधी काँग्रेस निवडली होती, सरकार मिळालं इंदिरा काँग्रेसचं. पण केंद्रशासित प्रदेशात नायब राज्यपाल दिल्लीचा, पैसा दिल्लीचा. दिल्लीत ज्याचं सरकार त्याच्याच पाटीखाली बसणं आमदाराला परवडतं.

ब्रसेल्सचा असा कुठलाही पक्ष नाही, जो माल्टाच्या गल्लीत येऊन तिकीट वाटेल. युरोपीय संसदेत गट आहेत, पण ते देशोदेशीच्या पक्षांची मोळी बांधून केलेले. म्हणून माल्टात आजही तेच दोन पक्ष आलटून पालटून राज्य करतात. पीटर मेअर नावाच्या आयरिश राज्यशास्त्रज्ञानं हेच मांडलं होतं, की संघात गेल्यामुळे देशातल्या पक्षांची रचना वरवर फारशी बदलत नाही. बदलतं ते असं, की त्यांना आपसांत भांडून ठरवायला कमी गोष्टी उरतात. दुकान तेच, माल कमी. गोव्यात उलटं झालं. ठरवायला बरंच काही राहिलं: १९८७ च्या फेब्रुवारीत कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी वापरात जागा राहिली, ३० मे १९८७ ला गोवा पंचविसावं राज्य झालं, विधानसभा ४० जणांची झाली. माल आला, पण दुकानं मात्र दिल्लीच्या कंपन्यांची फ्रँचाइजी झाली. भारत हा संघ आपले पक्ष सोबत घेऊन येतो, युरोपीय संघ येत नाही. माझ्या मते सगळा फरक इथे आहे.

चाकण पट्ट्यात राहणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तिथे पॅनल असतात, भावकी असते, कपबशी असते, शिट्टी असते. गाव महापालिकेत गेलं की त्याच माणसाला कुठल्यातरी पक्षाचं तिकीट लागतं, आणि ते तिकीट गावात छापलं जात नाही. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावं १९७० साली नगरपालिकेत आली, १९८२ साली महापालिका झाली. २०१७ मध्ये राष्ट्रवादीची महापालिका भाजपकडे गेली तेव्हा १२८ पैकी ७७ जागा भाजपच्या होत्या. त्यातली आडनावं वाचली तर कितीतरी आधीचीच ओळखीची निघतील, चिन्ह तेवढं नवं. आता हिंजवडी, चाकणच्या बाजूच्या गावांबद्दल महापालिकेची चर्चा चालते. रस्ते, पाणी, कचरा, टॅक्स यावर सगळे बोलतात. पॅनलचं काय होणार यावर मी अजून कुणाला बोलताना ऐकलं नाही.

आणि मगो? १९९४ मध्ये मगोशी युती करून भाजपनं गोव्यात पहिल्यांदा चार आमदार निवडून आणले, त्यात मनोहर पर्रीकर होते. मगोचे तेव्हा १२. पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, भाजप १० आणि मगो ४. खांद्यावर घेतलेलं पोर खांद्यापेक्षा मोठं झालं. मार्च २०१९ मध्ये मगोच्या तीनपैकी दोन आमदारांनी एका रात्रीत आपला विधिमंडळ पक्ष भाजपमध्ये विलीन केला. तीनपैकी दोन, कारण पक्षांतरबंदी कायद्यातून सुटायला दोन तृतीयांश लागतात. २०२२ मध्ये मगोचे पुन्हा दोन निवडून आले आणि सरकारला पाठिंबा देऊन एक मंत्री झाला.

गोवा दरवर्षी १६ जानेवारीला 'अस्मिताय दीस' पाळतो. महाराष्ट्रवादी हे नाव घेतलेला पक्षही अजून आहे, आणि विलीनीकरण मागणारं त्यात आता कुणी नाही. फोंड्याच्या मित्राला विचारलं, आजोबांनी मार्चमध्ये कुणाला मत दिलं होतं? म्हणाला, 'भाऊंनाच की. दुसरं कुणाला देणार?'

बेळगाव आणि महाजन आयोग पुढच्या भागात. भेटू.